सांगलीची हळद परक्या बंदरात

मे २०२५ मध्ये महाराष्ट्रातून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. आंबा सडका नव्हता. त्यात कीड सापडली अशीही तक्रार नव्हती. कीड मारण्यासाठी आवश्यक असलेली विकिरणप्रक्रिया नवी मुंबईत रीतसर पार पडली होती, असे निर्यातदारांचे सांगणे होते. तिची साक्ष देणारा 'पीपीक्यू २०३' नावाचा दाखला मात्र चुकीच्या रीतीने दिला गेला, असे कारण अमेरिकी अधिकाऱ्यांनी कळविले. माल स्वखर्चाने परत न्यावा किंवा तेथेच नष्ट करावा, एवढीच मुभा राहिली. पुन्हा विमानभाडे भरून आंबा माघारी आणण्यात अर्थ नव्हता. तो नष्ट करावा लागला. नुकसानीचा आकडा निर्यातदारांनी सुमारे ५ लाख डॉलर सांगितला.

आंबा नाशवंत आणि हंगाम ऐन भरात, म्हणून हा प्रसंग वर्तमानपत्रांत गाजला. टिकाऊ मालाच्या बाबतीत असे घडते तेव्हा त्याचा गाजावाजा होत नाही. कंटेनर बंदरात उभा राहतो, रोजचा आकार चढत जातो आणि महिन्याभराने पेढीच्या खातेवहीत नफ्याच्या जागी तुटीची रक्कम उमटते. मसाले, डाळी, भांडी, दागिने, कापड यांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या अनेक घरांतील तरुण मंडळी आता मुंबईच्या निर्यातदाराला माल देऊन थांबत नाहीत. स्वतःच्या पेढीच्या नावाने तो परदेशी पाठवू पाहतात. निर्यातदाराला माल देताना पेढीचे काम गोदामाच्या दारात संपत असे. स्वतःच्या नावाने पाठविताना ते परक्या बंदराच्या फाटकापर्यंत आणि खरे पाहता त्याच्याही पुढे काही वर्षे चालू राहते. हा फरक स्पष्ट व्हावा यासाठी येथे एकच माल आणि एकच वाट घेतली आहे: सांगलीची हळद, न्हावा शेव्याहून न्यूयॉर्क-न्यू जर्सी बंदरापर्यंत.

सांगलीच्या बाजारात हळदीची पारख हाताने होते. हळकुंड मोडून आतील रंग पाहिला जातो, वास घेतला जातो, राजापुरी की सेलम हे जाणकार एका नजरेत सांगतो. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवलेल्या हळदीचे व्यवहार केवळ शब्दावर होत आले. २०१८ साली या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु न्यू जर्सीच्या धक्क्यावर हळकुंड मोडून पाहणारा कोणी नसतो. तेथे उतरणाऱ्या कंटेनरांपैकी फारच थोडे प्रत्यक्ष उघडले जातात. कोणता उघडायचा हे संगणकावर आधी आलेल्या माहितीवरून ठरते आणि ती माहिती सांगलीतल्या पेढीच्या टेबलावर लिहिली गेलेली असते. 'परदेशी कस्टम' या शब्दाने जी भीती वाटते तिचे मूळ बहुतेक वेळा या टेबलावर सापडते, आणि तिचा उपायही तेथेच.

प्रथम उत्तरदायी कोण हे पाहावे. अमेरिकेत आयातदार म्हणून ज्याचे नाव नोंदले जाते, त्याने मालाचे वर्गीकरण, किंमत आणि मूळ देश ही माहिती खरी द्यावी, असा कायदा आहे. १९९३ च्या कायद्याने या कर्तव्यासाठी 'वाजवी दक्षता' हा शब्द रूढ केला. पूर्वी शुल्क ठरविण्याचे ओझे मुख्यतः खात्यावर असे. तेव्हापासून ते आयातदारावर आले. परवानाधारक कस्टम ब्रोकर नेमला म्हणून हे ओझे उतरत नाही. ब्रोकर त्याला मिळालेले कागद पुढे सादर करतो. त्यांतील मजकुराचे उत्तर आयातदारालाच द्यावे लागते. शुल्काच्या हमीसाठी आयातदाराला हमीपत्रही द्यावे लागते. वर्षभर चालणारे हमीपत्र किमान ५०,००० डॉलरचे असते आणि मोठ्या उलाढालीत ते मागील १२ महिन्यांत भरलेल्या शुल्क-करांच्या सुमारे १० टक्क्यांवर जाते.

बहुतेक सौद्यांत हा आयातदार म्हणजे तिकडचा खरेदीदार. मग सांगलीच्या पेढीने काळजी का करावी? एक कारण असे की, अडलेल्या मालाचे पैसे खरेदीदार थांबवितो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अलीकडे लहान खरेदीदार 'डीडीपी'चा आग्रह धरतात, म्हणजे भाव असा द्या की माल शुल्कासह आमच्या दारात पडेल. तीन अक्षरांची ही अट सौदा जमविण्याच्या भरात मान्य केली जाते. इन्कोटर्म्सच्या २०२० च्या आवृत्तीत एकूण ११ अटी आहेत. त्यांत विक्रेत्यावर सर्वांत जास्त भार टाकणारी अट हीच. परदेशातील आयातीची औपचारिकता, तेथील शुल्क, तपासणीचा खर्च, विलंबाचा आकार हे सर्व विक्रेत्याच्या माथी येते. अमेरिकेत अनिवासी पेढीला आयातदार होता येते. त्यासाठी हमीपत्र आणि तिकडचा प्रतिनिधी लागतो. ज्या पेढीने एकदाही तेथील ब्रोकरशी लेखी बोलणे केलेले नाही, तिने ही अट स्वीकारणे म्हणजे न पाहिलेल्या विहिरीत घागर सोडणे होय. एफओबी किंवा सीआयएफवर विकून आयातीची जबाबदारी खरेदीदाराकडेच ठेवणे नवख्या घराला अधिक मानवते. शुल्काचे दर आणि त्यांवरील अतिरिक्त आकार अलीकडे इतक्या वेगाने बदलले आहेत की, सहा महिन्यांपूर्वीच्या तक्त्यावर डीडीपीचा भाव देणारा पुढच्या जहाजाला तोट्यात जाऊ शकतो. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफीसुद्धा अमेरिकेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस थांबविली. घरगुती पदार्थ टपालाने पाठविणाऱ्या भगिनींच्या लघुउद्योगांना तिचा फटका बसला.

आता मालाचे नाव आणि क्रमांक. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली सुसंगत वर्गीकरणपद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. तीतील पहिले ६ अंक जगभर समान असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपापले जोडतो. भारतात एकूण ८, अमेरिकेत १०. हळदीचा सहाअंकी क्रमांक ०९१०.३० आणि तो अख्ख्या हळकुंडाला व पुडीला एकच. भारतात पुढच्या दोन अंकांनी सुकी हळद आणि पूड वेगळी होते. भारतीय शिपिंग बिलावरचे आठही अंक जसेच्या तसे अमेरिकेच्या बीजकावर उतरविले की घोळ होतो, कारण पुढच्या अंकांचा अर्थ तेथे वेगळा असतो. पहिले सहा पक्के द्यावेत, उरलेले ब्रोकरकडून लेखी घ्यावेत.

येथवर सोपे आहे. अडचण सुरू होते ती हळदीचे रूप बदलल्यावर. धने, मिरची, जिरे यांच्यासह मिसळलेली हळद मसाल्यांच्या मिश्रणाच्या क्रमांकात जाते. हळदीतून द्रावकाने काढलेला ओलिओरेझिन ३३०१ या शीर्षात जातो. केवळ रंगद्रव्य म्हणून विकला जाणारा अर्क ३२०३ मध्ये. तीच हळद कॅप्सूलमध्ये भरून आरोग्यपूरक म्हणून विकली की ती २१०६ च्या अन्नपदार्थांत गणली जाते. आणि साखर व दूधभुकटी मिसळून तयार केलेले 'हळदीच्या दुधाचे' पाकीट? त्यात मसाल्याचे मूळ स्वरूप उरले नसेल तर नवव्या प्रकरणात त्याला जागा नाही. प्रत्येक रूपाला शुल्क वेगळे, खाद्यनियम वेगळे. घरातल्या नव्या पिढीने उत्पादनाला सुरेख नाव आणि आकर्षक पाकीट द्यावे, त्यात वावगे काही नाही. बीजकावर मात्र पाकिटावरचे नाव पुरत नाही. 'सुवर्ण आरोग्य मिश्रण' यावरून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. 'हळदपूड, शास्त्रीय नाव कर्कुमा लाँगा, २५ किलोची ६४० पोती, निव्वळ वजन १६,००० किलो, मूळ देश भारत' यावरून सर्व कळते. शास्त्रीय नाव दिल्याने आंबेहळदीशी होणारा गोंधळही टळतो.

शंका असेल तर पैसे न भरता निवाडा मिळविण्याची सोय आहे, आणि ती फारसे कोणी वापरत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे मालाचा तपशील पाठवून वर्गीकरणाचा बंधनकारक निर्णय आगाऊ मागता येतो. साध्या प्रकरणांत तो साधारण महिन्याभरात येतो. जुने निर्णय संगणकावर सर्वांना खुले आहेत. युरोपीय संघात अशाच निर्णयाची मुदत ३ वर्षे असते. नवे उत्पादन बाजारात आणण्याआधी एक टपाल पाठविण्याचे हे काम आहे.

किमतीच्या प्रश्नावर थोडे थांबावे लागेल, कारण येथे चूक आणि मोह यांची सीमा पुसट असते.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार मालाची किंमत म्हणजे त्यासाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यावयाची रक्कम. व्याख्या सरळ आहे, तरी तिच्यात मिळवायच्या गोष्टी विसरल्या जातात. खरेदीदाराने आपल्या नावाची छापील पाकिटे सांगलीला फुकट पाठविली आणि त्यांत हळद भरून माल गेला, तर त्या पाकिटांची किंमत बीजकात नसली तरी सीमाशुल्काच्या किमतीत यावी लागते. दागिन्यांच्या किंवा पितळी भांड्यांच्या व्यवसायात खरेदीदाराने पुरविलेल्या साच्यांचेही तसेच. नमुन्याच्या पाकिटावर 'किंमत शून्य' लिहिण्याची सवय फार जुनी आहे; विक्रीसाठी नसलेल्या नमुन्यालाही सीमाशुल्कापुरती वाजवी किंमत लिहावी लागते. शिवाय देशादेशांत मोजणी वेगळी आहे. अमेरिका समुद्रभाडे व विमा वगळून किंमत धरते, युरोपीय संघ आणि भारत ती धरून. समजा, माल २०,००० डॉलरचा, भाडे २,००० आणि विमा ६० डॉलर. अमेरिकेत शुल्क २०,००० वर लागेल, रॉटरडॅमला सुमारे २२,०६० वर. बीजकात एकच एकत्र रक्कम लिहिली तर अमेरिकेतील खरेदीदाराला भाड्यावरही शुल्क भरण्याची पाळी येते. तीन आकडे तीन ओळींत लिहिणे एवढेच करायचे असते.

ही झाली विस्मृतीची बाजू. मोहाची बाजू अशी की, तिकडून फोन येतो: बीजक थोडे कमी रकमेचे करा, फरक दुसऱ्या मार्गाने पाठवितो. विचारणारा बहुधा जुना, ओळखीचा, कधी नात्यातला असतो आणि नकार दिला तर पुढची मागणी दुसऱ्या पेढीकडे जाईल अशी धास्ती असते. ज्या घरांत ही विनंती कधीच आली नाही अशी घरे थोडी. तिचे उत्तर देण्यापूर्वी काय पणाला लागते हे माहीत असावे. अमेरिकेच्या कायद्यात खोट्या माहितीसाठी तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणा असेल तर बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड, घोर निष्काळजीपणा असेल तर चौपटीपर्यंत, आणि फसवणूक असेल तर मालाच्या तेथील बाजारभावाच्या पूर्ण रकमेपर्यंत. शुल्क बुडालेच नाही, म्हणजे शुल्कमुक्त मालाची माहिती चुकीची दिली, तरीही किमतीच्या काही टक्के दंड होऊ शकतो. 'हळदीला शुल्क नाही, मग बीजकात काय बिघडते' हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. ही तरतूद आयातदारापुरती मर्यादित नाही. खोट्या कागदाला साहाय्य करणाराही तिच्या कक्षेत येतो आणि बीजकावर सही सांगलीच्या पेढीची असते. इकडे भारतात शिपिंग बिलावरील रक्कम पूर्ण बँकेमार्फत आली पाहिजे, हे परकीय चलनाचे बंधन आहेच. बीजक कमी केले तर फरकाची रक्कम हिशेबात आणण्याचा स्वच्छ मार्ग उरत नाही. बीजक पूर्ण ठेवून तिकडे दुसरे दाखविले तर दोन देशांच्या नोंदींत दोन आकडे राहतात आणि भारत-अमेरिका यांच्या सीमाशुल्क खात्यांत माहितीच्या देवाणघेवाणीचा करार आहे.

याच कायद्यात एक उदार दारही आहे. खात्याची चौकशी सुरू होण्याआधी, किंवा ती सुरू झाल्याचे ठाऊक नसताना, आयातदाराने आपण होऊन चूक कळविली, बुडालेले शुल्क भरले आणि प्रकरण फसवणुकीचे नसेल, तर दंड केवळ व्याजापुरता राहतो. पाकिटांची किंमत दोन वर्षे धरली नव्हती असे लक्षात आले तर ते दडविण्याऐवजी खरेदीदाराला तत्काळ लिहिणे शहाणपणाचे ठरते ते यामुळे.

हळद हा खाद्यपदार्थ असल्याने सीमाशुल्काच्या जोडीला अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन उभे असते. २००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक खाद्यखेपेची पूर्वसूचना द्यावी लागते: जहाजाने माल जात असेल तर बंदरात पोचण्यापूर्वी किमान ८ तास, विमानाने असेल तर ४ तास. त्या सूचनेत उत्पादन करणाऱ्या कारखान्याचा नोंदणी क्रमांक लागतो. ही नोंदणी दर सम वर्षी, १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात नव्याने करावी लागते. २०२६ हे तसे वर्ष. वहीपूजनाची धांदल नेमकी याच दिवसांत असते. नोंदणी राहून गेली तर ती रद्द होते आणि ते कळते तेव्हा कंटेनर अर्ध्या समुद्रात असतो. २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिकडच्या आयातदारावर परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याचेही कर्तव्य टाकले आहे. त्यामुळे खरेदीदार कारखान्याची माहिती, चाचण्यांचे अहवाल, स्वच्छतेच्या नोंदी मागतो तेव्हा तो अविश्वास दाखवीत नसतो. ते कागद त्याच्या फाइलीत असणे कायद्याने आवश्यक असते. या मागणीवर रुसणारी वडीलधारी मंडळी अजून भेटतात, म्हणून हा उल्लेख.

हळदीत खरा धोका शिशाचा आहे. पिवळेपणा वाढविण्यासाठी लेड क्रोमेट हा विषारी रंग वापरण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आले आहेत. २०१६ साली शिशाचे प्रमाण जास्त आढळल्याने अमेरिकेतील अनेक नावांची हळदपूड बाजारातून परत मागविली गेली. एखाद्या पेढीचा माल असा सापडला की तिचे नाव जड धातूंच्या इशारायादीत जाऊ शकते. तिच्या पुढच्या खेपा मग न तपासताच अडविल्या जातात आणि प्रत्येक खेप निर्दोष असल्याचे आयातदाराने स्वखर्चाने सिद्ध करावे लागते. यादीतून नाव निघण्यासाठी सामान्यतः लागोपाठ किमान ५ खेपा स्वच्छ निघाव्या लागतात. पाच खेपा म्हणजे लहान पेढीचा वर्षभराचा व्यापार. त्यापेक्षा खरेदी करतानाच प्रत्येक लॉटची शिशाची चाचणी करणे कितीतरी स्वस्त पडते. आणि हा केवळ निर्यातीचा प्रश्न नाही. तीच हळद कोणाच्या तरी घरी मुलांच्या दुधात पडते.

देश बदलला की नियम बदलतात, याचेही हळदीइतके बोलके उदाहरण विरळा. जंतुनाशासाठी मसाल्यांना इथिलीन ऑक्साइड वायू देण्याची पद्धत अमेरिकेत मान्य आहे. त्याचा अंश किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. युरोपीय संघात मसाल्यांची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम असून या वायूपासून तयार होणारा दुसरा पदार्थही त्याच मोजणीत धरला जातो. म्हणजे न्यू जर्सीत सुखरूप उतरलेल्या लॉटमधलीच शिल्लक पोती रॉटरडॅमला पाठविली तर ती अडतील. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात हा अंश सापडल्याचा इशारा दिला; त्यानंतर युरोपभर तिळाचे पदार्थ मोठ्या प्रमाणावर परत मागविले गेले आणि भारतीय तिळावर तपासणीची बंधने आली. वाफेने निर्जंतुक केलेला माल दोन्हीकडे चालतो, मात्र तो खर्चिक. कोणते पोते कोणत्या देशाचे हे म्हणून प्रक्रियेपूर्वी ठरले पाहिजे आणि गोदामात ते वेगळे रचले पाहिजे.

लाकडाचा विषय लहान आहे, पण त्यापायी चांगले कंटेनर परत आले आहेत. पोत्यांखालच्या लाकडी पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापविलेले, किंवा मान्य धुरी दिलेले असावे लागते आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचे आंतरराष्ट्रीय चिन्ह उमटलेले असावे लागते. माल भरताना एखादी फळी तुटली म्हणून हमालाने बाजूची साधी फळी ठोकली, तरी पूर्ण कंटेनर दोषी ठरू शकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही.

मूळ देशाबाबत अमेरिकेसाठी फारसे सांगण्यासारखे नाही. भारताला तेथे मिळणारी विकसनशील देशांची शुल्कसवलत ५ जून २०१९ पासून बंद झाली. ग्राहकापर्यंत जाणाऱ्या पाकिटावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत, ठळक आणि न पुसणारे असावे, एवढे पाळावे. संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात असलेल्या करारांत मात्र मूळ देशाच्या दाखल्यावर सवलत अवलंबून असते. तेथे दाखल्यावरील बीजक क्रमांक, वजन आणि सहाअंकी क्रमांक बीजकाशी तंतोतंत जुळावे लागतात. बाहेरून आयात केलेली हळद सांगलीच्या हळदीत मिसळून ती सरसकट भारतीय म्हणून दाखविणारे महाभागही आहेत. त्यांना दाखला देणाऱ्या प्रत्येक सहीचा जाब उद्या विचारला जाऊ शकतो.

वेळेचा हिशेब मागून मोजावा. समुद्रमार्गे अमेरिकेला जाणाऱ्या मालाची माहिती, म्हणजे विक्रेता, खरेदीदार, उत्पादक, मूळ देश, सहाअंकी क्रमांक इत्यादी, माल जहाजावर चढण्यापूर्वी २४ तास तेथील खात्याकडे पोचावी लागते. ती पाठविण्याचे काम आयातदाराचे, पण ती देणार सांगलीची पेढी. उशीर किंवा चूक झाली तर प्रत्येक कसुरीस ५,००० डॉलरपर्यंत दंड आयातदाराला होतो आणि पुढच्या सौद्यात तो भावातून वसूल केला जातो. माल पोचल्यावर १५ दिवसांत आयातीची नोंद न झाल्यास तो सरकारी व्यवस्थेतील गोदामात हलविला जातो. तपासणीसाठी कंटेनर निवडला गेला तर तो तपासणी केंद्रात नेण्याचा, रिकामा करण्याचा आणि पुन्हा भरण्याचा खर्च आयातदारानेच करायचा असतो. तपासणीत काही दोष न निघाला तरीही. बंदराच्या विनाशुल्क मुदतीचे दिवस मोजके असतात. शुक्रवारी निघालेली शंका सोमवारपर्यंत अनुत्तरित राहिली तर ते संपतात. म्हणून बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा यांची प्रत माल कारखान्यातून निघण्यापूर्वी तिकडच्या ब्रोकरने वाचावी, अशी अट सौद्यातच घालून घेतलेली बरी. पॅकिंग लिस्टवर ६४० पोती आणि बिल ऑफ लेडिंगवर ६०४, असली अक्षरजुळणीची चूक दुरुस्त करायला गोदामात असताना दोन मिनिटे लागतात. जहाज सुटल्यावर दोन आठवडे.

कंटेनर फाटकाबाहेर पडला की इकडे पेढे वाटले जातात. वास्तविक अन्न प्रशासनाचा अंतिम निर्णय येईपर्यंत ती सुटका सशर्त असते. त्याआधी माल विकून टाकला आणि मग तो परत मागितला गेला, तर हमीपत्रावर मालाच्या किमतीच्या तिपटीपर्यंत वसुली होऊ शकते. सीमाशुल्काचा अंतिम हिशेबही सर्वसाधारणपणे ३१४ दिवसांनी मिटतो. त्यावर आक्षेप घेण्यास पुढे १८० दिवस असतात आणि कागद ५ वर्षे जपावे लागतात. तिकडून विचारणा येते तेव्हा ज्या मुनीमजींनी बीजक लिहिले ते निवृत्त झालेले असतात, ज्या मुलाने सौदा केला तो दुसऱ्या शहरात गेलेला असतो. प्रत्येक खेपेची फाइल म्हणून वेगळी असावी: सौद्याचा पत्रव्यवहार, बीजक, वजनाची पावती, लॉट क्रमांकासह शिशाचा आणि जंतूंचा अहवाल, पॅलेटच्या चिन्हाचे छायाचित्र, भरलेल्या कंटेनरचे सील दिसेल असे छायाचित्र, बँकेचा जमा दाखला. पोत्यावरचा लॉट क्रमांक आणि अहवालावरचा लॉट क्रमांक एकच आहे ना, हे फाइल बंद करण्यापूर्वी दोघांनी वाचावे.